निवड आधीच झाली असेल, तर माझ्या प्रार्थनेचे काय?

अर्धविराम (मूळ प्रश्न)

गेले सात-आठ महिने मी नव्या करारातील, प्रेषित पौलाने लिहिलेल्या रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायापाशी अडकून पडलो आहे. एकट्याने वाचून काही सुटत नाही अशी खात्री झाल्यामुळे येथे लिहीत आहे. प्रश्न जुना आहे आणि त्यावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले आहेत हे मला ठाऊक आहे, पण मला तो आता अभ्यासाचा विषय म्हणून पडलेला नाही.

जगाच्या स्थापनेपूर्वी देवाने आपल्याला ख्रिस्तामध्ये निवडले, असे इफिसकरांस पत्राचा पहिला अध्याय सांगतो. ज्यांना नेमले त्यांना पाचारण केले, ज्यांना पाचारण केले त्यांना नीतिमान ठरवले आणि ज्यांना नीतिमान ठरवले त्यांचा गौरवही केला, अशी साखळी रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात आहे. ही वचने मला लहानपणापासून पाठ आहेत आणि कित्येक वर्षे मला त्यांचा आधारच वाटत आला. मग एका उपदेशात असे ऐकले की, ज्याला स्वतःच्या निवडीविषयी वारंवार शंका येते त्याने ती शंका हाच आपली निवड झालेली नसल्याचा पुरावा समजावा, कारण निवडलेल्याच्या अंतःकरणात पवित्र आत्मा साक्ष देतोच. उपदेशक हे वाक्य बहुधा ओघात बोलून गेले असतील आणि पुढच्या मुद्द्याकडे वळलेही असतील. मी मात्र तेथून पुढे सरकलेलो नाही.

त्यानंतर मी एक वही सुरू केली. पानाच्या मधोमध उभी रेघ; डाव्या रकान्यात माझी निवड झाली असावी अशी चिन्हे, उजव्यात ती झाली नसावी अशी. रोज रात्री झोपण्यापूर्वी त्यात नोंदी करतो. डावीकडे ‘स्तोत्र वाचताना मन भरून आले’ असे काहीतरी असते. उजवीकडे ‘प्रार्थना उरकली’, ‘सहकाऱ्याच्या बढतीचा हेवा वाटला’, ‘उपासनेत लक्ष घड्याळाकडे’. उजवा रकाना नेहमी आधी भरतो. एखाद्या दिवशी डावा रकाना मोठा झालाच, तर स्वतःचे कौतुक करून घेतल्याबद्दल उजवीकडे आणखी एक नोंद पडते.

दुसरी गोष्ट माझ्या धाकट्या भावाची. आम्ही दोघे एकाच घरात, एकाच संध्याप्रार्थनेला शेजारी शेजारी गुडघे टेकून वाढलो, तीच वचने पाठ केली, त्याच चुकांसाठी मार खाल्ला. माझा विश्वास टिकला. त्याने दहा वर्षांपूर्वी शांतपणे, कोणावरही न चिडता, तो सोडून दिला. याकोब आणि एसाव या जुळ्या भावांनी बरे-वाईट काही करण्यापूर्वीच निवड झाली होती, हे वाक्य मी वाचतो तेव्हा मला दोन प्राचीन पुरुष दिसत नाहीत; एका चटईवर बसलेली दोन मुले दिसतात. त्याच्यासाठी प्रार्थना करायला बसलो की मनात येते, याचा निर्णय जर कधीच झालेला असेल, तर मी हे नेमके कोणाला आणि कशासाठी सांगत आहे?

‘देवाचे मार्ग अगम्य आहेत’ एवढेच उत्तर कृपया देऊ नये. ते खरे आहे, पण ते मी स्वतःला पुष्कळ वेळा देऊन पाहिले आहे.

तळटीप

मी स्वतः सुधारित परंपरेत, म्हणजे कॅल्व्हिन यांच्या विचारांवर उभ्या असलेल्या प्रोटेस्टंट परंपरेत, वाढलो आहे आणि निवडीची शिकवण मला खरी वाटते, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे माझा कल कोणीकडे आहे याचा आपल्याला अंदाज घ्यावा लागणार नाही.

सर्वप्रथम त्या उपदेशातील वाक्याविषयी. ते आमच्या परंपरेच्या नावावर खपवले जात असेल, तर ते आमच्याच कागदपत्रांच्या विरुद्ध आहे. १६१८-१९ मध्ये नेदरलँड्समधील डॉर्ट येथे भरलेली आमच्या परंपरेची सभा ही निवडीच्या शिकवणीबाबत सर्वांत कठोर मानली जाते. तिच्या पहिल्याच प्रकरणाच्या सोळाव्या कलमात असे म्हटले आहे की, ज्यांना जिवंत विश्वास, अंतःकरणाची शांती, देवाशी लेकरासारखी जवळीक अजून जाणवत नाही, पण जे देवाने दिलेली साधने वापरत आहेत आणि त्या अनुभवाची आस धरून आहेत, त्यांनी त्यागाच्या (देव काहींना तारणासाठी निवडत नाही या) शिकवणीने घाबरून जाऊ नये आणि स्वतःला त्यागलेल्यांत गणू नये. कारण म्हणून तेथे यशयाचे वचन दिले आहे: तो चेपलेला बोरू मोडणार नाही आणि मिणमिणती वात विझवणार नाही. ते वाचताना मला नेहमी वाटते की, त्या सभेत बसलेल्या कोणालातरी आपल्यासारख्या माणसाचे पत्र आलेले असावे. अर्थात ही माझी कल्पना.

आता सोळाव्या शतकातील धर्मसुधारक कॅल्व्हिन. त्यांनी आपला मुख्य ग्रंथ १५३६ ते १५५९ या काळात वारंवार वाढवला आणि त्याची मांडणी बदलली. शेवटच्या आवृत्तीत पूर्वनियोजनाचा विषय देवाच्या गुणांच्या प्रकरणात, म्हणजे अगदी आरंभी, येईल अशी आपली अपेक्षा असते. तो तेथे नाही. तो तिसऱ्या पुस्तकात, विश्वास, पश्चात्ताप, ख्रिस्ती जीवन आणि प्रार्थनेवरचे दीर्घ प्रकरण या सर्वांनंतर येतो. म्हणजे जो माणूस आधीच ख्रिस्तावर विसंबला आहे आणि प्रार्थना करत आहे, तो मागे वळून ‘हे माझ्याकडे आले कोठून’ असे विचारतो तेव्हा त्याला हे उत्तर मिळते. आपण याच्या उलट दिशेने निघाला आहात. आधी यादीत नाव शोधायचे आणि नाव सापडले तर ख्रिस्ताकडे जायचे, असा हा मार्ग आहे. याच वाटेविषयी कॅल्व्हिन अतिशय कडक शब्दांत सावध करतात. देवाच्या गुप्त संकल्पात थेट शिरून स्वतःविषयी खात्री शोधणारा माणूस बुडतो असे ते म्हणतात आणि निवड पाहायची असेल तर ख्रिस्त हा तिचा आरसा आहे असे सांगतात. आपल्या वहीत दोन रकाने आहेत, पण आपण जे सांगितले त्यावरून ख्रिस्ताचे नाव कोणत्याच रकान्यात दिसत नाही.

‘पूर्वीच नेमणे’ या अर्थाचे जे ग्रीक क्रियापद आहे, प्रोओरिझो, ते नव्या करारात अवघे सहा वेळा येते. चार वेळा ते विश्वासणाऱ्यांच्या तारणाविषयी आहे, एकदा ख्रिस्ताच्या वधस्तंभाच्या घटनांविषयी आणि एकदा देवाच्या गूढ ज्ञानाविषयी. कोणाच्याही नाशाविषयी ते एकदाही वापरलेले नाही. नवव्या अध्यायातील ‘नाशासाठी सिद्ध झालेली पात्रे’ (भांडी, म्हणजे येथे माणसे) येथे क्रियापद वेगळे आहे आणि ते कोणी सिद्ध केली हे पौल सांगत नाही. पुढच्याच वचनात दयेची पात्रे मात्र देवाने स्वतः आधी सिद्ध केली असे तो स्पष्ट म्हणतो. एवढ्याने सगळी अडचण मिटते असे मी म्हणणार नाही. कॅल्व्हिन स्वतः त्यागाच्या निर्णयाविषयी लिहिताना तो भयंकर आहे अशी कबुली देऊन जातात. पण तोल दोन्ही बाजूंना सारखा नाही, हे मूळ लिखाणातच दिसते.

आपण मराठीत विचार करतो तेव्हा आणखी एक घोटाळा होतो. ‘पूर्वनियोजन’ म्हटले की मनात आपोआप प्रारब्ध उभे राहते, कपाळावर लिहिलेले, चुकवता न येणारे. प्रारब्ध हे मागच्या कर्माचे फळ असते आणि ते कोणाचेही ऐकत नाही. पौल ज्या निवडीविषयी बोलतो ती कर्माच्या हिशेबाने झालेली नाही, हाच तर त्याचा सारा आग्रह आहे. आणि निवडणारा ऐकणारा आहे. शब्द एकमेकांच्या जवळ राहतात म्हणून अर्थही शेजारी राहायला येतात.

प्रार्थनेच्या प्रश्नासाठी प्रेषितांची कृत्ये, सत्ताविसावा अध्याय वाचावा. वादळात सापडलेल्या तारवावर दोनशे शहात्तर माणसे आहेत. पौलाला देवदूताने सांगितले आहे की एकाच्याही जिवाची हानी होणार नाही. तरीही खलाशी नांगर टाकण्याच्या मिषाने होडी खाली सोडून पळू लागतात, तेव्हा तोच पौल शताधिपतीला म्हणतो की, हे तारवात राहिले नाहीत तर तुमचा बचाव होणार नाही. शिपाई ताबडतोब होडीचे दोर कापतात. वचन दिलेले आहे, आणि दोर कापणेही आवश्यक आहे. पौलाला यात विसंगती जाणवलेली दिसत नाही. आपली प्रार्थना म्हणजे तो दोर कापणे आहे, असे मी मानतो.

पायवाट

तळटीप यांचा प्रतिसाद मनापासून आवडला. मिणमिणत्या वातीचे कलम मला ठाऊक नव्हते. तरीही मी जॉन वेस्ली यांच्या, म्हणजे मेथडिस्ट, परंपरेतली असल्यामुळे मला मूळ पायाच मान्य नाही, आणि अर्धविराम यांनी तो पाया गृहीत धरूनच प्रश्न विचारला असल्यामुळे हे लिहिणे भाग आहे.

नववा अध्याय व्यक्तींच्या शाश्वत भवितव्याची यादी आहे असे आपण का समजतो? पौलाचा प्रश्न त्या ठिकाणी असा आहे की, इस्राएलला वचने दिलेली असताना इस्राएलातील बहुसंख्यांनी ख्रिस्ताला नाकारले. मग देवाचे वचन निष्फळ झाले काय? ‘याकोबावर मी प्रीती केली, पण एसावाचा द्वेष केला’ हे वचन तो जुन्या करारातील मलाखीतून घेतो. मलाखीचा आरंभ वाचला तर ‘एसाव’ म्हणजे अदोम हे राष्ट्र आहे, हे लगेच कळते. निवड आहे, पण ती कोणत्या घराण्यातून तारणाचा इतिहास पुढे न्यायचा याची आहे. नवव्या अध्यायातील कुंभार आणि मातीचा दाखलाही पाहावा. तो यिर्मयाच्या अठराव्या अध्यायात सविस्तर येतो आणि तेथे त्याचा निष्कर्ष नियतीच्या नेमका उलट आहे: ज्या राष्ट्राचा नाश करीन असे मी म्हणालो ते राष्ट्र आपल्या दुष्टाईपासून वळले, तर मीही योजलेल्या अरिष्टाविषयी मन बदलीन. कुंभाराच्या हातात माती आहे खरी, पण ती माती वळू शकते असे तो कुंभारच सांगतो.

सर्वांचे तारण व्हावे अशी देवाची इच्छा आहे असे तीमथ्याला लिहिलेले पहिले पत्र सांगते. कोणाचा नाश व्हावा असे त्याला वाटत नाही, असे पेत्राचे दुसरे पत्र सांगते. ‘सर्व’ म्हणजे ‘सर्व प्रकारचे लोक’ असा अर्थ लावून ही वचने अरुंद केली जातात. तसे व्याकरणात बसत असेल, पण यरुशलेमेकडे पाहून ‘किती वेळा तुझी मुले एकवटावी असे माझ्या मनात होते, पण तुमची इच्छा नव्हती’ अशा अर्थाचे उद्गार काढणारा प्रभू मला त्यात बसवता येत नाही.

वेस्ली यांनी १७३९ मध्ये ब्रिस्टल येथे कृपा सर्वांसाठी मोकळी आहे या विषयावर उपदेश केला. त्यांचा मुख्य आक्षेप असा होता की, बिनशर्त निवड मान्य केली की उपदेशालाच अर्थ उरत नाही आणि देव सैतानापेक्षा क्रूर ठरतो. शब्द फार कडक आहेत; त्यांचे मित्र व्हाइटफील्ड यांनी पुढच्या वर्षाच्या शेवटी तितक्याच कळकळीने विरोधी पत्र लिहिले आणि दोघांचे मार्ग काही काळ वेगळे झाले. मात्र वेस्ली म्हणजे ‘माणूस स्वतःच्या बळावर देवाकडे येतो’ असे म्हणणारे, ही समजूत साफ चुकीची आहे. माणूस पापात मेलेला आहे, कृपेने आधी हात दिल्याशिवाय तो बोटही हलवू शकत नाही, हे ते कॅल्व्हिनइतकेच ठामपणे मानतात. फरक एवढाच की, ही पूर्वगामी कृपा प्रत्येकापर्यंत पोहोचते आणि तिला नकार देता येतो.

म्हणून आपल्या भावाविषयी मी असे म्हणेन की, त्याच्याबाबत काहीही बंद झालेले नाही.

आमच्या बाजूची एक दुखरी जागाही सांगते. देवाला सारे आधीच ठाऊक आहे, हे आम्हीही मानतो. जो नकारच देणार हे ठाऊक आहे, त्याला देवाने निर्माण का केले, हा प्रश्न आमच्याही दारात तसाच उभा राहतो. बिनशर्त निवडीला विरोध करणारे डच धर्मपंडित आर्मिनियस १६०९ मध्ये वारले. पुढच्याच वर्षी त्यांच्या अनुयायांनी जे पाच मुद्दे मांडले, त्यांतल्या पाचव्यात, खरा विश्वासणारा अखेरीस ढळू शकतो की नाही, हा प्रश्न अधिक अभ्यासासाठी मोकळा ठेवला होता. तो प्रामाणिकपणा मला त्यांच्या बाकीच्या चार मुद्द्यांइतकाच मोलाचा वाटतो.

संथ वाचन

कॅथलिक बाजूने थोडेसेच.

‘सारे कृपेनेच होते, तर आम्हाला बोल का लावता, आमच्यासाठी नुसती प्रार्थना करा’ असा युक्तिवाद पाचव्या शतकात उत्तर आफ्रिकेतील हाद्रुमेतुमच्या मठातील संन्याशांनी केला होता, आणि संत ऑगस्टीन यांना उतारवयात त्याचे उत्तर लिहावे लागले. त्यानंतर काही वर्षांनी, ४३० मधील निधनाच्या थोडेच आधी, त्यांनी जो मुद्दा मांडला तो अर्धविराम यांच्या प्रश्नाला सरळ भिडतो. ख्रिस्तसभा अविश्वासणाऱ्यांच्या परिवर्तनासाठी देवाकडे मागणे मागते. जे देणे देवाच्या हातात नाही ते कोणी देवाकडे मागत नाही. म्हणजे माणसाचे मन वळवणे देवाच्या हातात आहे, असे आपण वादात मानो वा न मानो, गुडघे टेकल्यावर मानतोच. प्रार्थना आणि कृपेचे प्रभुत्व एकमेकांना खोडून काढतात असे आपल्याला वाटते. ऑगस्टीन यांच्या मते पहिली गोष्ट दुसरीवरच उभी आहे.

पायवाट यांना यावर विनम्रपणे विचारावेसे वाटते: आपण अशा एखाद्या भावासाठी प्रार्थना करता तेव्हा देवाकडे नेमके काय मागता? देवाने हात पुढे करावा एवढेच, की भावाचे मनही वळवावे?

खात्रीबद्दल. १५४७ मध्ये कॅथलिक धर्मसभेच्या ट्रेंट येथील परिषदेने असे म्हटले की, विशेष प्रकटीकरण झाल्याशिवाय आपण निवडलेल्यांपैकी आहोत असे निश्चित ज्ञान कोणालाही या जन्मी होत नाही. बाहेरून हे निष्ठुर वाटते. माझा अनुभव उलटा आहे. जी खात्री मिळवणे माझे कामच नाही, ती मिळत नाही म्हणून मी अपराधी ठरत नाही. मला आशा ठेवायला सांगितले आहे, आणि आशा हा सद्गुण आहे. दोन रकान्यांच्या बेरजेतून तो निघत नाही.

कृपा आणि स्वातंत्र्य यांचा मेळ कसा बसतो यावर आमच्याकडे डोमिनिकन आणि येशूसंघीय या दोन धर्मसंघांत इतका वाद झाला की, पोपना खास मंडळ नेमावे लागले. १६०७ मध्ये पाचव्या पॉल यांनी दोन्ही पक्षांना आपापले मत बाळगण्याची मुभा दिली, एकमेकांना पाखंडी म्हणू नका अशी ताकीद दिली आणि निर्णय योग्य वेळी देऊ असे सांगितले. ती योग्य वेळ अजून आलेली नाही. एका सीमेबाबत मात्र शंका ठेवलेली नाही: देवाने कोणालाही वाईटासाठी नेमले असे म्हणणे ५२९ च्या ऑरेंज येथील सभेनेच धिक्कारले आहे.

पायवाट

@संथ वाचन, प्रश्न योग्य आहे आणि मला त्याने थोडे अडचणीत आणले आहे. प्रार्थना करताना मी आपण म्हटलेल्या दोहोंतली दुसरी गोष्टच मागते, हे कबूल. ‘त्याचे मन वळव’ असेच शब्द तोंडून येतात. मन वळवणे आणि मन मुरगाळणे यांत फरक आहे असे मी म्हणेन. तो फरक शब्दांत कसा धरायचा, यावर मात्र मला आणखी विचार करावा लागेल.

जुना प्रवासी

वरील तिघांचे वाचून झाल्यावर सिद्धांताच्या बाजूने मला भर घालण्यासारखे फारसे उरलेले नाही. मी त्या वहीविषयी लिहिणार आहे, कारण तशी वही माझ्याजवळही होती. माझ्या वहीत रकाने नव्हते, गुण होते, दहापैकी. वयाच्या तिशीत साडेतीन वर्षे मी रोज स्वतःला गुण देत असे.

आपण एका वाक्यात स्वतःच निदान करून टाकले आहे, ते कदाचित आपल्या लक्षात आले नसेल. डावा रकाना मोठा झाला की उजवीकडे नोंद पडते, असे आपण लिहिता. याचा अर्थ, ही वही अशी बांधलेली आहे की तिचा निकाल एकाच बाजूने लागावा. तेथे कोणतीही बेरीज आपल्याला निर्दोष सोडणार नाही. पेत्राचे दुसरे पत्र आपले पाचारण व निवड दृढ करण्यास सांगते, आणि बरेच जण त्यावरून आत्मपरीक्षणाच्या वह्या ठेवतात. पण त्या वचनाच्या आधी विश्वासात सात्त्विकता, ज्ञान, संयम, धीर, बंधुप्रेम यांची भर घाला असे सांगितले आहे. भर घालायची आहे. मोजायला तेथे कोणी सांगितलेले नाही.

तरुण ल्यूथर यांना हाच प्रश्न छळत असे. त्यांचे वडीलधारे मार्गदर्शक श्टाउपिट्झ यांनी त्यांना काय सांगितले, ते ल्यूथर पुढे आयुष्यभर आठवत राहिले: या तर्कांनी स्वतःला का छळतोस, ख्रिस्ताच्या जखमांकडे पाहा. हे ‘अगम्य आहे, गप्प बसा’ असे उत्तर नाही. कोठे पाहायचे ते यात सांगितले आहे. लूकच्या तेराव्या अध्यायात कोणीतरी विचारतो, प्रभू, तारण होणारे थोडे आहेत काय? प्रभू संख्या सांगत नाही. अरुंद दरवाजाने आत जाण्याचा नेटाने प्रयत्न करा, असे म्हणतो. विचारणाऱ्याला आकडा हवा होता आणि त्याला दाखवला गेला दरवाजा.

सतराव्या शतकातील इंग्रज उपदेशक व लेखक जॉन बनियन यांची हकिकत मला या बाबतीत सर्वांत जवळची वाटते. आपण निवडलेले नसलो तर काय, या भीतीने ते कित्येक महिने खचले होते. मग एक वाक्य त्यांच्या मनात उतरले: मागच्या पिढ्यांकडे पाहा, देवावर भरवसा ठेवून कोणी कधी फजीत झाला काय? त्यांना एवढा धीर आला की, ते वचन पवित्र शास्त्रात कोठे आहे ते शोधू लागले. ते सापडेना. या-त्या भल्या माणसांना विचारले, कोणालाच सांगता येईना. वर्षभराहून अधिक काळ शोधल्यावर ते सापडले अपोक्रिफात, म्हणजे त्यांच्या परंपरेत जी पुस्तके अधिकृत शास्त्रात धरतच नाहीत त्यांत. क्षणभर ते गोंधळले. मग त्यांनी असे ठरवले की, हे वाक्य म्हणजे कितीतरी वचनांचे सार आहे, तेव्हा त्यातून मिळालेला दिलासा घेणे हे आपले कर्तव्यच आहे. ही आठवण त्यांनी १६६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मवृत्तात आहे. चुकीच्या कपाटात सापडलेल्या पावानेही भूक भागली, आणि हे लपवून न ठेवण्याइतके ते सरळ होते.

माझ्या बाबतीत असे एखादे वाक्य आले नाही. योहानाच्या सहाव्या अध्यायातील सदतिसावे वचन मी अर्धेच वाचत होतो, एवढे एके दिवशी लक्षात आले. पिता जे मला देतो ते सर्व माझ्याकडे येईल, हा पहिला अर्धा भाग. त्यावर मी साडेतीन वर्षे डोके आपटले. जो माझ्याकडे येतो त्याला मी मुळीच घालवून देणार नाही, हा दुसरा. पहिला भाग पित्याचे काम सांगतो, तेथे माझ्या हाताला काही लागत नाही. दुसऱ्या भागात मला करण्यासारखे एक काम आहे. मी अजून रोज ते एवढेच करतो, आणि भीती अधूनमधून अजूनही येते.

आता आपला भाऊ. येथे मी जपून लिहितो, कारण माझ्याकडे उत्तर नाही. पण नववा अध्याय ज्याने लिहिला, त्याने त्याची सुरुवात कशी केली ते पाहावे. माझ्या अंतःकरणात अखंड वेदना आहे, माझ्या बांधवांसाठी मी स्वतः ख्रिस्तापासून वेगळा होऊन शापभ्रष्ट झालो तरी चालेल, असे तो म्हणतो. आणि कुंभार, फारो, दयेची पात्रे हे सारे लिहून झाल्यावर दहाव्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात तो त्याच बांधवांच्या तारणासाठी विनंती करतो. निवडीची शिकवण त्याच्या प्रार्थनेच्या आड आली असती, तर ती नवव्या आणि दहाव्या अध्यायाच्या मधल्या त्या जागेत आली असती.

आणि एसाव. मलाखीतले वचन आपल्याला पाठ आहे, पण उत्पत्तीचा तेहतिसावा अध्यायही वाचावा. लंगडत, सात वेळा भूमीपर्यंत नमन करत, भीत भीत याकोब पुढे येतो. एसाव धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडतो, त्याचे चुंबन घेतो आणि दोघे रडतात. निवडलेला भाऊ न निवडलेल्या भावाला म्हणतो की, तुझे मुख पाहणे म्हणजे देवाचे मुख पाहण्यासारखे झाले. ज्याचा द्वेष केला असे लिहिले आहे, त्याच्या चेहऱ्यात याकोबाला हे दिसले. यावरून सिद्धांत काय बांधायचा ते मला कळत नाही. स्विस धर्मपंडित कार्ल बार्थ यांनी १९४२ मध्ये असे मांडले की, निवडलेला आणि त्यागलेला या दोन्ही जागा अखेरीस ख्रिस्तानेच घेतल्या आहेत. ते खरे असेल तर या भेटीचा अर्थ लागतो. तळटीप यांना ते पटणार नाही, याची मला कल्पना आहे.

तळटीप

पटत नाही हे खरे. तसे मानले तर प्रत्येकाचे तारण होणारच असे म्हणावे लागते. बार्थ स्वतः तो निष्कर्ष काढायला तयार नव्हते, पण तो टाळण्याचे कारणही त्यांना नीट देता आले नाही असे माझे मत आहे. मात्र नवव्या आणि दहाव्या अध्यायाच्या मधल्या जागेविषयी आपण जे लिहिले ते मी टिपून ठेवले आहे.

अर्धविराम

सर्वांचे आभार. दोन दिवस काही लिहिले नाही, कारण सत्ताविसावा आणि तेहतिसावा हे दोन्ही अध्याय पुन्हा वाचत होतो.

तळटीप आणि पायवाट यांच्यातील वाद माझ्याने सुटणार नाही. तो सुटेपर्यंत थांबण्याची गरज नाही, एवढे मात्र आता वाटते. उपदेशातील ते वाक्य माझ्या मनातून गेलेले नाही, पण त्याच्या शेजारी मिणमिणत्या वातीचे कलम येऊन बसले आहे, आणि दोन्ही एकाच परंपरेच्या नावाने बोलत असल्यामुळे पहिल्याचा दरारा निम्मा झाला आहे. ख्रिस्ताचे नाव कोणत्याच रकान्यात नाही हे वाचल्यावर वही उघडून खात्री केली. खरोखरच नव्हते, एकशे ऐंशी पानांत कोठेही नाही.

वही बंद केली असे म्हणता येणार नाही. काल रात्री हात सवयीने तिच्याकडे गेलाच. पण एक नोंद करताना अडलो. ‘भावासाठी प्रार्थना करताना रडू आले, शब्द सापडले नाहीत.’ अशी नोंद मी आजवर बिनदिक्कत उजवीकडे घालत आलो, कारण ती प्रार्थना नीट झाली नाही असे मी धरून चालत होतो. रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायाची पहिली तीन वचने वाचल्यानंतर ही नोंद कोणत्या बाजूला लिहायची ते मला ठरवता आले नाही, आणि मी ती मधल्या रेघेवरच लिहिली.